गुलाबी टोकाची केबल

दामूकाका, परवा कंपनीच्या कँटीनमध्ये तुमची शोकसभा झाली. दोन मिनिटं सगळ्यांबरोबर मीही मान खाली घालून उभी राहिले. पहिलं मिनिट कसंबसं गेलं, दुसरं मिनिट मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या देण्यात घालवलं. शेजारी उभ्या असलेल्या लॅबच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि मी तो राहू दिला.

मग युनियनचे लोक बोलले. दामू म्हणजे देवमाणूस, दामूनं कधी कुणाचं वाईट केलं नाही. माणूस गेला की रोह्याच्या एवढ्याशा कारखान्यातसुद्धा देवांची भरती होते. तुमच्याबद्दल अर्धं पान लिहून द्या, बोर्डावर लावू, असं मला सांगितलंय, कारण माझं अक्षर बरं आहे आणि हल्ली मी टाइम ऑफिसात बसते, तिथे मला काम नसतं असा सगळ्यांचा समज आहे. ते अर्धं पान मी लिहीन. हे ते नव्हे. हे तुमच्यासाठी आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला माहीत आहे. म्हणून तर मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशीच बोलतेय. दीड वर्षानंतर पहिल्यांदा.

मी टाइम ऑफिसात का बसते, हे त्या सभेतल्या अर्ध्या लोकांना धड आठवतही नाही. मला आठवतं. तुम्हालाही आठवत होतं.

ते डिस्कचं कपाट आलं तेव्हा मला कॉम्प्युटर रूममध्ये लागून दोन वर्षं झाली होती. कमरेएवढं उंच, आत पाच डिस्क, एक गेली तरी बाकीच्या चार गाडा ओढणार. लॅबमधले रंगाच्या प्रत्येक बॅचच्या चाचण्यांचे आकडे त्यात राहणार होते. साहेबांनी नारळ फोडला. चालू केलं, दिवे लागले, आणि मग कळलं की कपाटाला काही सांगायचं असेल, एखादी डिस्क बदलली म्हणून कळवायचं असेल, तर मागच्या सिरियल पोर्टमधून सांगावं लागतं, आणि त्याची केबल खोक्यात नाही. मुंबईचा विकणारा म्हणाला, सहा आठवडे लागतील. मी स्वतः सुट्टीच्या दिवशी दोनदा मुंबईच्या बाजारात जाऊन आले. सरळ केबल आणली, उलटी आणली. नऊ पिनांचं टोक छान बसायचं आणि पडद्यावर काही म्हणजे काही यायचं नाही. कपाट मुकं.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, इन्स्ट्रुमेंट खात्याच्या दामूला बोलवा. तुम्ही आलात ते खिशात टेस्टर आणि गळ्यात मीटर अडकवून. सातवी पास माणूस, हे तुम्हीच आधी सांगून टाकायचात, म्हणजे पुढच्यानं म्हणायला नको. कपाटाच्या मागे उकिडवे बसलात. मीटरची काळी तार कपाटाच्या अंगाला लावलीत आणि लाल तार एकेका पिनला लावत गेलात. मी विचारलं, "काय बघताय?"

"बोलनारी कोन ती बघतोय."

"म्हणजे?"

"गप बसली तरी जी उलटा आकडा दावते ना, ती बोलनारी. बाकीच्या ऐकनाऱ्या नायतर फुकट बसलेल्या. माणसांत पण तसंच हाय गो."

सहाव्या पिनवर आकडा उलटा आला. बाजारातल्या केबलींत बोलणारी दोनवर किंवा तीनवर धरलेली असते, आणि ही बया सहावर बसली होती. मी वहीत लिहून घेतलं. तुम्ही कथलाचा डाग लावून तार जोडलीत. मी पडद्यापाशी बसून वेग बदलत गेले, कचरा अक्षरं येत गेली, आणि नऊ हजार सहाशेवर एकदम इंग्रजीत स्वच्छ ओळ उमटली. कपाटानं स्वतःचं नाव सांगितलं होतं. मी ओरडले. तुम्ही उठून उभे राहिलात, पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बोलतंय. ऐकत नाय अजून." खरंच होतं. मी काही टाइप केलं की ते दखलच घेत नव्हतं.

ती सकाळ मला अजून आवडते. हे लिहिताना माझा राग थोडा उतरला, हेही कबूल करते. मला इतकं कुणी शिकवलं नव्हतं. ज्या कोर्सची फी वडिलांनी भरली, त्यानंसुद्धा नाही.

आता पुढचं. जेवणानंतर तुम्ही मला म्हणालात, "जा, चहा पिऊन ये."

"मला चहा नकोय. मला बघायचंय."

"जा म्हटलं ना. शेवटचा जोड मी एकटा करतो. आमच्या घरात डोळं आखताना कुनी समोर थांबत नाय."

तुमचं घर पेणजवळच्या जोह्याचं, घरात तीन पिढ्या गणपती घडतात, कारखाना आता भाऊ बघतो, हे मला माहीत होतं. मूर्तीचे डोळे आखायचे असले की तुमच्याकडे ज्याचा हात त्यानेच आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर. देवाच्या बाबतीत ते मला शोभूनच दिसलं असतं. पण ही सहा फुटांची केबल होती हो. मी चिडून चहा प्यायले. परत आले तर कपाट ऐकत होतं. मी लिहिलेलं वाचत होतं, उत्तर देत होतं. दोन पिना तुम्ही कुठेतरी एकमेकींना जोडल्या होत्या, कुठल्या ते टोकाच्या आत झाकलेलं.

मी म्हटलं, मला कागदावर काढून द्या, कोणती पिन कुठे. तुम्ही हसलात. दुसऱ्या दिवशी केबल घरी घेऊन गेलात, "पक्की करून आनतो" म्हणून. परत आणलीत तेव्हा दोन्ही टोकांच्या डब्या प्लास्टरनं गच्च भरलेल्या, वरून घासून गुळगुळीत केलेल्या आणि त्यावर गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग मारलेला. अख्ख्या रोह्यात तशी केबल नसेल. मी हसून हसून खुर्चीवर बसले. तुम्हालाही हसू आलं. पण ते प्लास्टर कशासाठी होतं हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. उघडून बघता येऊ नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"काका, उद्या तुम्ही रजेवर असलात आणि ही गेली तर?"

"माझ्या हातची केबल जात नाय."

"पण गेली तर?"

तेव्हा तुम्ही एकदाच खरं बोललात. म्हणालात, "गो, ही डिप्लोमावाली पोरं आली आता. सगळं कागदावर उतरवून दिलं तर दामूला उद्या कोन हाक मारंल?" मला ते पटलं नव्हतं, पण समजलं होतं.

माझीही चूक आहे, ती इथेच सांगते. केबल चांगली होती तेव्हा मी कुणाकडूनही मीटर मागून, एका टोकाची पिन दुसऱ्या टोकाला लावून, दहा मिनिटांत सगळे जोड वहीत उतरवू शकले असते. प्लास्टर आड आलं नसतं. मी तसं केलं नाही. तुमच्या पाठीमागे तुमची केबल तपासणं मला चोरीसारखं वाटलं. एवढा मान मी तुम्हाला दिला होता, आणि तो पुढे मला चांगलाच महागात पडला.

भर पावसाळ्यात एका सोमवारी कपाट ओरडायला लागलं. एक डिस्क गेली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं, नवी डिस्क खोलीत राखून ठेवलेली होती. ती बसवायची आणि केबलीतून कपाटाला सांगायचं, ही घे. मी केबल लावली. पडदा कोरा. काढली, फुंकर मारली, परत लावली. मग तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात, मीटर लावलंत, दोन्ही टोकांना बझर वाजवून दाखवलात. "बघ. तार सलग हाय. केबल ठणठणीत. तुजं कपाटच गेलं."

"काका, नवी करून द्या. जुनी राहू दे. दोन तासांचं काम आहे."

"कशाला? हिला काय झालंय?"

"मग पिना सांगा, मी करते."

"माझी केबल जात नाय म्हटलं ना."

मी तुमच्यामागे इन्स्ट्रुमेंटच्या खोलीपर्यंत आले. सगळ्यांसमोर हात जोडले. तुम्ही पाठ करून कुठल्यातरी गेजची काच पुसत राहिलात. मुंबईच्या इंजिनिअरला फोन केला, तो म्हणाला बुधवारी येतो. मंगळवारी संध्याकाळी दुसरी डिस्क गेली. दोन गेल्यावर काही उरत नाही. बॅकअपच्या टेपवर होतं ते महिन्याच्या सुरुवातीपर्यंतचं, पुढचं सगळं बुडालं. लॅबची माणसं रजिस्टरं घेऊन तीन आठवडे आकडे परत भरत बसली आणि त्यातल्या प्रत्येकानं मला एकदा तरी ऐकवलं. बुधवारी इंजिनिअर आला. त्याच्या केबलनं कपाट पहिल्या झटक्यात बोललं. आपल्या गुलाबी केबलकडे बघून त्यानं विचारलं, हे काय, मिठाई आहे का? कुणीही हसलं नाही.

मग चौकशी. साहेबांच्या केबिनमध्ये तुम्ही, मी आणि पर्सोनेलचा माणूस. साहेबांनी तुम्हाला विचारलं, केबल का चालली नाही? मला वाटलं होतं तुम्ही फार तर "माहीत नाय" म्हणाल. तेवढं चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "केबल बरोबर होती साहेब. मी मीटर लावून बघितली. वापरनाऱ्यानं ओढाताण केली असंल."

वापरणारी मी एकटीच होते. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते मी त्या दिवशी समोर बसून पाहिलं. पुढच्या सोमवारी मला टाइम ऑफिसात बसवलं. हजेरीची कार्डं, रजेचे अर्ज, उशिरा येणाऱ्यांची यादी. कॉम्प्युटर रूमची किल्ली माझ्याकडून सही घेऊन काढून घेतली. पेणला रामवाडीत आमच्या आळीतून कॉम्प्युटरवर काम करणारी मी पहिली मुलगी. आईनं हे येईल जाईल त्याला सांगितलं होतं. टाइम ऑफिसचं मी तिला चार महिने सांगितलं नाही.

केबल कुणालाच नको होती, ती मी घरी आणली. एका रविवारी करवतीच्या पात्यानं टोक कापलं. काका, तुमचं प्लास्टर आत ओलं होतं. बोटाला दमट लागत होतं. पिनांच्या मुळाशी हिरवा गंज चढला होता, आणि तो एका पिनेपासून दुसरीपर्यंत पसरला होता. तार सलगच होती, तुमचा बझर खोटं बोलत नव्हता. पण ओल्या प्लास्टरमधून एका पिनेचं दुसरीत झिरपत होतं, आणि ते काही तुम्ही तपासलं नाहीत. जोह्यात जन्म गेलेल्या माणसाला प्लास्टर पावसात काय करतं हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. आषाढात तुमच्या भावाच्या कारखान्यात मूर्ती वाळत नाहीत म्हणून खाली शेगड्या ठेवतात ना? तेच प्लास्टर तुम्ही विजेच्या जोडावर भरलंत.

सोमवारी पेण स्टेशनवर तुम्हाला गाठलं. रोह्याची गाडी यायची होती. कापलेलं टोक तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते चष्मा लावून, उन्हाकडे धरून, खूप वेळ बघितलंत. तुमचा चेहरा उतरला. तेवढ्यापुरतं मला वाईटसुद्धा वाटलं.

मी म्हटलं, "साहेबांना सांगा. मी सांगणार नाही. मी दाखवलं तर म्हणतील हिनंच आत पाणी घातलं. तुमच्या तोंडून यायला हवं."

तुम्ही म्हणालात, "बघतो."

मी एक महिना वाट पाहिली. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. मग मी डबा बदलला. तुम्ही इंजिनापासून दुसऱ्या डब्यात बसायचात, मी शेवटच्या डब्यात बसायला लागले. कंपनीत तुम्ही कार्ड पंच करायला माझ्या खिडकीसमोरून जायचात तेव्हा मी रजिस्टरात डोकं घालायचे. तुम्ही दोनतीनदा थांबलात. एकदा "गो" एवढं म्हणालातही. मी वर बघितलं नाही. आणि गेल्या वर्षी आमच्या घरचा गणपती मी तुमच्या भावाकडून आणला नाही. वडिलांच्या वेळेपासून तो जोह्यातून येत होता. मी हमरापूरहून आणला, आणि तुम्हाला ते कळेल अशी व्यवस्थाही केली. तुमच्या पोटात दुखेल असं काहीतरी मला करायचं होतं आणि माझ्या हातात तेवढंच होतं.

गेल्या मंगळवारी तुम्ही गेल्याचं कळलं. तिसऱ्या दिवशी मी जोह्याला आले. पेणहून बस पकडली, दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. काकी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला आधी पाहिलेलं नव्हतं. नाव सांगितलं तर म्हणाल्या, "तू ती केबलवाली व्हय?" मी हो म्हटलं. "बस गो बाय. तुज्यावरनं लय गप गप असायचे." मला खाली बसवेना. म्हणजे घरी सगळं माहीत. बायकोला माहीत, भावाला माहीत असेल, आणि कंपनीत मी दीड वर्षं ओढाताण करणारी बाई. काकींसमोर काही बोलायची ती वेळ नव्हती. मी पाणी प्यायले आणि निघाले.

शुक्रवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दीड वर्षात पहिल्यांदा. मी म्हटलं, "साहेब, दामूकाका गेले. आता चौकशीचा कागद तरी मला बघू द्या. माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला कळू दे."

साहेबांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दामू मार्चमध्ये आला होता माझ्याकडे. दार लावून घेतलं. म्हणाला, केबल माझ्यामुळे गेली, पोरीचा काही दोष नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेब पुढे म्हणाले, "मी म्हटलं, लिहून दे, उद्याच तिला परत घेतो. तर म्हणाला, आधी तिला मी सांगेन, माझ्या तोंडानं. तवर तुम्ही कुणाला बोलू नका. मधेच ती विचारायला आली तर मात्र लपवू नका. मी वाट बघत राहिलो. तो काही परत आला नाही. तुम्हीही आला नाहीत."

मी त्या माणसाला काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझी नोकरी अजून आहे, यावरून तुम्ही समजा की मी तसं फार बोलले नाही. सोमवारपासून मला कॉम्प्युटर रूममध्ये परत जायचं पत्र मिळालंय. आईला सांगितलं, तिनं साखर वाटली.

मार्च ते नोव्हेंबर, काका. पेण ते रोहा रोज जाताना आणि येताना. कासूला गाडी थांबते, नागोठण्याला थांबते, कधी कधी उगाच मधेच अर्धा तास उभी राहते. तुम्हाला एकदा उतरून शेवटच्या डब्यात चढता येत नव्हतं? मी वर बघत नव्हते, हे खरं. मी खिडकीतून तोंड फिरवत होते, हेही खरं. पण मी बत्तीस वर्षांची आणि तुम्ही सत्तावन्न. दोघांत शहाणं कुणी व्हायचं होतं? आणि साहेबांना दार लावून सांगितलंत, तेच दार उघडं ठेवून सांगितलं असतंत तर मला तुमच्या तोंडून ऐकायची काही गरज उरली नसती. नाही, हेही खोटं. उरली असती. मीच तर स्टेशनवर म्हटलं होतं, तुमच्या तोंडून यायला हवं. तुम्ही ते शब्दशः धरून बसलात आणि मी ते बोलून विसरले.

काल रात्रभर ठरवत होते की या कागदाच्या शेवटी तुम्हाला माफ केलं असं लिहायचं. नाही लिहिणार. माफी द्यायला समोर माणूस लागतो, आणि मला भांडायचंय अजून. पहिला प्रश्न तयार आहे, दुसरा तयार आहे, तिसऱ्याला तुम्ही काय उत्तर दिलं असतंत तेसुद्धा मला ठाऊक आहे. "बस गो गप," म्हणाला असतात. आणि मी बसले असते.

अबोला मी धरला होता, काका. तो कधी सोडायचा ते मी ठरवणार होते. तुम्ही तेवढंसुद्धा माझ्या हातात ठेवलं नाहीत.